पी४५ प्लस, सीएफव्ही १००सी की आयक्यू४: डिजिटल बॅक घेताना आधी ती कशावर बसणार ते बघा

प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमच्याकडे हॅसलब्लाड ५००सी/एम हा जुना फिल्म कॅमेरा आहे, ५०, ८० आणि १५० एमएमच्या तीन लेन्स आहेत, काम इमारती, इंटिरियर आणि चित्रांच्या रिप्रॉडक्शनचं, आणि वर्ष-दोन वर्षांत टेक्निकल कॅमेरा (ज्यात लेन्स आणि बॅक एकमेकांपासून बाजूला सरकवता येतात) घ्यायचा विचार आहे. यादीत तीन डिजिटल बॅक (कॅमेऱ्याच्या मागे फिल्मच्या जागी बसणारे सेन्सरचे डबे) आहेत: वापरलेली फेज वन पी४५ प्लस, नवी हॅसलब्लाड सीएफव्ही १००सी आणि फेज वन आयक्यू४ १५०. यातली कुठली घ्यावी, आणि जुन्या सीसीडी सेन्सरचा रंग (नवे सेन्सर सीएमओएस प्रकारचे) खरंच वेगळा असतो का, हे विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते, तुमच्यासाठी सीएफव्ही १००सी. पण ती १०० मेगापिक्सेलची आहे म्हणून नाही. बॅक ही एकटी वस्तू नसतेच, ती कुठल्या बॉडीवर बसणार, पुढे लेन्स कुठली, फोकस बरोबर आहे हे तुम्ही कसं बघणार आणि फाइल कुठे जाणार, या सगळ्या साखळीतली ती एक कडी. माझे स्वतःचे चुकलेले निर्णय आठवले तर प्रत्येक वेळी मी सेन्सर बघून बॅक घेतली आणि बाकीचं नंतर बघू म्हटलं, आणि मग त्या बाकीच्यानेच त्रास दिला.

तरी सेन्सरपासूनच सुरू करते कारण तिथे गैरसमज फार आहेत. आयक्यू४ १५० चा सेन्सर ५३.४ बाय ४० मिलिमीटर, पिक्सेल ३.७६ मायक्रॉन. सीएफव्ही १००सी चा ४३.८ बाय ३२.९, पिक्सेल तोच ३.७६ मायक्रॉन. आणि ६१ मेगापिक्सेलचे जे फुल फ्रेम कॅमेरे मिळतात त्यांचाही पिक्सेल ३.७६ च. म्हणजे एकाच पिढीचं कापड, फक्त ताग्यातून छोटा-मोठा तुकडा कापलाय. त्यामुळे १०० टक्के झूम करून एकेक पिक्सेल बघितला तर तिघांत म्हणावा असा फरक नाही, फरक पडतो तो क्षेत्रफळाचा. आयक्यू४ चं क्षेत्रफळ सीएफव्हीच्या साधारण दीडपट, म्हणजे पूर्ण चित्र एकाच आकारात प्रिंट केलं तर नॉइजमध्ये जेमतेम अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा. प्रिंटचं म्हणाल तर ३०० डीपीआयला आयक्यू४ ची लांब बाजू ४७ इंच होते, सीएफव्हीची जवळपास ३९ इंच, पी४५ प्लसची २४ इंच. तुमचं शेवटचं काम किती मोठं छापलं जातं हे एकदा प्रामाणिकपणे बघा, बहुतेकांचं २४ इंचाच्या आतच असतं आणि मग या आकड्यांवर भांडायचं कारणच उरत नाही.

पी४५ प्लस २००७ ची. कोडॅकचा ३९ मेगापिक्सेलचा सीसीडी, ४९.१ बाय ३६.८ मिलिमीटर, पिक्सेल ६.८ मायक्रॉन. हा मोठा पिक्सेल तुमच्या लेन्सशी दयाळू वागतो, ते पुढे सांगते. बेस आयएसओ ५०, आणि आयएसओ १०० च्या पुढे मी तरी ती मनापासून वापरत नाही, ४०० ला सावल्या घाण होतात.

आता तुमची ५००सी/एम. या बॉडीवर फोकस तुम्ही ग्राउंड ग्लासवर बघता, म्हणजे आरशाने वर फेकलेल्या चित्रावर, आणि सेन्सर मागे बसलाय. हे दोन्ही अंतर अगदी सारखं असेल तरच वर शार्प दिसलेलं मागे शार्प येतं. फिल्मच्या काळात थोडं इकडे-तिकडे चालून जायचं, कारण फिल्म स्वतःच पूर्ण सपाट नसायची आणि तिला एवढं बारीक काही दिसायचंही नाही. आता साधा हिशेब करा, एफ ५.६ ला आणि पिक्सेलच्या दुप्पट, म्हणजे साडेसात मायक्रॉनचा धूसरपणा चालवून घेतला तर फोकसला मागे आणि पुढे प्रत्येकी फक्त ४२ मायक्रॉनची मुभा आहे, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ५०० सिरीजच्या जुन्या बॉडीत आरशाच्या मागचे फोमचे तुकडे वर्षांनुवर्षांत कुजून चिकट होतात, आरसा किंचित खाली बसतो आणि तुमचा ग्राउंड ग्लास शांतपणे खोटं बोलायला लागतो. माझ्या बॉडीत हेच झालेलं, मी कितीतरी महिने लेन्सला दोष देत होते, लेन्स सर्व्हिसलाही पाठवून झाली, आणि शेवटी निघाला तो आरशामागचा फोम.

म्हणून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरला दिसतंय तेच चित्र स्क्रीनवर. ५००सी/एम वर सीएमओएस बॅकचा खरा फायदा हाच आहे, डायनॅमिक रेंज (एका फ्रेममध्ये उजळ भागापासून सावल्यांपर्यंत किती पकडता येतं ते) हा त्यानंतरचा. आरसा वर करून, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं ठेवून मागच्या स्क्रीनवर १०० टक्के झूम करायचं, फोकस लावायचा, मग शटर बंद करून, क्रँक फिरवून परत ताणून फ्रेम घ्यायची. कटकट आहे, पण एकदा बसली की हाताला सवय होते, आणि इमारत किंवा भिंतीवर लावलेलं चित्र कुठे पळून जात नाही. पी४५ प्लसच्या स्क्रीनवर तुम्हाला हे मिळणारच नाही, तिथे फ्रेम घ्या, झूम करून बघा, थोडं सरकवा, परत घ्या, आणि तो मागचा स्क्रीन एवढा जुना आणि बारीक आहे की फोकस बरोबर की जवळपास हे त्यावर ठरवणं म्हणजे अंदाजच. लॅपटॉप जोडल्याशिवाय मी तिच्यावर रिप्रॉडक्शन करत नाही.

जोडणीचंही बघा. सीएफव्ही ५०० सिरीजच्या बॉडीवर सरळ बसते, बॉडीच्या मागची जी पिन फिल्म मॅगझिनला ढकलते तीच बॅकला कळवते की फ्रेम आली, वेगळी वायर लागत नाही. पी४५ प्लसच्या व्ही माउंटला (व्ही म्हणजे तुमच्या ५०० सिरीजची सिस्टिम) लेन्सच्या सिंक सॉकेटपासून बॅकपर्यंत वायर जाते, आणि ती वायर ही या सगळ्या सिस्टिमची सगळ्यात कमकुवत जागा, सैल झाली की फ्रेम येतच नाही. फेज वनच्या बॅकचा माउंट बॅकला कायमचा असतो हेही लक्षात ठेवा, व्ही, एच, मामिया, कॉन्टॅक्स यातला जो असेल तोच, स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या माउंटची घेतली तर तुमच्या बॉडीवर ती बसणारच नाही.

लेन्सचा कोन किती बदलतो तेही सांगते, नवीन लोक इथे हमखास निराश होतात. तुमची बॉडी ५६ बाय ५६ च्या फिल्मसाठी बनलीय आणि यातली कुठलीच बॅक तेवढी मोठी नाही. सीएफव्हीवर तुमची ५० साधारण ४० सारखी वाटेल (३५ एमएमच्या भाषेत), ८० होईल ६३ आणि १५० होईल ११८ च्या आसपास. पी४५ प्लसवर ३५, ५६ आणि १०६. म्हणजे इंटिरियरसाठी लागणारा वाइड तुमच्याकडे दोन्हीपैकी कुठल्याच बॅकवर नाही. व्ही सिस्टिमची ४० एमएम शोधून घेतली तरी सीएफव्हीवर ती ३२ च होते, आणि इंटिरियरला ३२ पुरत नाही. त्यात सीएफव्हीवर उभी फ्रेम हवी असेल तर आडवा सेन्सर असल्यामुळे पूर्ण कॅमेरा कुशीवर झोपवावा लागतो, आणि तेव्हा वरून बघायचा फाइंडर निरुपयोगी होतो, प्रिझम लागतो किंवा मग स्क्रीनवरच सगळं.

तर तुमच्या इमारतींच्या कामाचं उत्तर ५००सी/एम नाहीच, टेक्निकल कॅमेरा आहे. आणि म्हणून बॅक आत्ता घेताना ती त्या कॅमेऱ्यावर कशी वागेल हे आजच बघायला हवं.

टेक्निकल कॅमेऱ्यावर मुख्य गोष्ट शिफ्ट, म्हणजे कॅमेरा न वाकवता लेन्स किंवा बॅक वर-खाली, बाजूला सरकवणं. लेन्सने टाकलेलं वर्तुळ किती मोठं आणि सेन्सर किती मोठा, यावर सगळं. रोडेनस्टॉकची ४० एमएम एचआर डिजारॉन-डब्ल्यू घ्या, वर्तुळ ९० मिलिमीटरचं. आयक्यू४ आडवी ठेवून तिच्यावर वर-खाली साधारण १६ मिलिमीटर शिफ्ट मिळते, सीएफव्हीवर जवळपास २३. लहान सेन्सरचा हा फायदा कुणी सांगत नाही. उलट बाजू अशी की तीच ४० सीएफव्हीवर अरुंद पडते, ३२ च्या आसपासच, तर आयक्यू४ वर २६ सारखी. ३२ एमएमची लेन्स घेतली तर सीएफव्हीवर २५, आयक्यू४ वर २१. माझ्या अनुभवात इंटिरियरला २४-२५ चा कोन बहुतेक वेळा पुरतो, त्यापेक्षा वाइडला खुर्च्या-टेबलं कडेला ओढल्यासारखी दिसायला लागतात आणि आर्किटेक्टला ते आवडत नाही.

दुसरी गोष्ट कलर कास्ट. वाइड लेन्सचा मागचा काच-भाग सेन्सरच्या अगदी जवळ असेल तर कडेला प्रकाश फार तिरका पडतो आणि एका बाजूला हिरवट, दुसऱ्या बाजूला जांभळट झाक येते. श्नायडरच्या जुन्या सममित वाइड लेन्सना हा त्रास जास्त, रोडेनस्टॉकच्या नव्या डिजारॉन रेट्रोफोकस पद्धतीच्या (मागची काच सेन्सरपासून लांब) असल्याने कमी. आणि बॅकच्या बाजूने बघितलं तर सगळ्यात जास्त त्रास मी पहिल्या पिढीच्या ५० मेगापिक्सेल सीएमओएसवर बघितलाय, जो फेज वनच्या आयक्यू२५० पासून २०१४ मध्ये सुरू झाला आणि मग हॅसलब्लाडच्या सीएफव्ही-५०सी मध्येही आला. सममित वाइड लावून १० मिलिमीटर शिफ्ट केली की कडेचा रंग असा जायचा की दुरुस्त करूनही तिथे डिटेल मेलेलं आणि नॉइज आलेलं. जुन्या सीसीडी या बाबतीत बऱ्या होत्या, आणि आताच्या ३.७६ मायक्रॉनच्या बॅक-इल्युमिनेटेड सेन्सरमध्ये प्रकाश घेणारा थर वर आल्यामुळे तिरका प्रकाश चांगला झेपतो. त्यामुळे स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी ५० मेगापिक्सेलची सीएफव्ही सुचवली तर ५००सी/एम वर ती उत्तमच आहे, खरंच छान फाइल देते, पण टेक्निकल कॅमेऱ्यावर वाइड आणि शिफ्ट करायचं असेल तर घेऊ नका.

तरीही एलसीसी फ्रेमची (ही झाक काढायला घेतलेल्या नमुना फ्रेमची) सवय लावाच. प्रत्येक शिफ्टनंतर लेन्सपुढे दुधी अॅक्रिलिकचा तुकडा धरून त्याच अॅपर्चरला, त्याच शिफ्टला एक फ्रेम, नंतर कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावरून झाक आणि कडेचा अंधार दोन्ही काढता येतात. शिफ्ट बदलली की नवी फ्रेम, यात आळस केला की संध्याकाळी एडिट करताना डोकं धरून बसावं लागतं.

टेक्निकल कॅमेऱ्यावर पी४५ प्लसला आणखी एक अडचण आहे, वेकअप. ती गरम होऊ नये म्हणून झोपते, आणि बॉडीच नसल्याने तिला उठवायला कुणी नाही, म्हणून एक्स्पोजरच्या आधी वायरने जागं करायचं आणि मग शटर. जागं न करता फ्रेम घेतली तर जांभळट, वाया गेलेली फाइल. सीएमओएस बॅकवर हा प्रकारच संपला, वर इलेक्ट्रॉनिक शटर आहे त्यामुळे लेन्समध्ये शटर नसलं तरी चालतं. फक्त लक्षात ठेवा की एवढा मोठा सेन्सर ओळीओळीने वाचायला वेळ लागतो, चालणारा माणूस वाकडा येतो, एलईडीच्या काही दिव्यांखाली पट्टे येतात, आणि फ्लॅशचं काम त्यावर करू नका. फ्लॅश असेल तर लीफ शटरच, म्हणजे लेन्समधलं.

आता रंगाचा प्रश्न, ज्यावर लोक फार भावनिक होतात. सीसीडी आणि सीएमओएस हा फरक चार्ज वाचायच्या पद्धतीचा आहे, रंग ठरतो सेन्सरवरच्या फिल्टरने आणि नंतर सॉफ्टवेअरमधल्या प्रोफाइलने. जुन्या बॅकचे फिल्टर आणि प्रोफाइल स्टुडिओच्या फ्लॅशसाठी, कमी आयएसओसाठी, त्वचेसाठी जीव ओतून बनवले होते आणि त्या उजेडात ते खरंच सुंदर दिसतात, मी नाकारत नाही, माझी काही आवडती पोर्ट्रेट्स तशाच बॅकवरची आहेत. पण एकदा मी एकाच उजेडात एकाच कलर चार्टचे फोटो जुन्या सीसीडीवर आणि नव्या सीएमओएसवर काढले, दोघांना स्वतःचं प्रोफाइल बनवून दिलं आणि सोबत काम करणाऱ्यांना नाव न सांगता दाखवले, एकालाही खात्रीने सांगता आलं नाही. रिप्रॉडक्शनमध्ये तर तुम्ही प्रोफाइल बनवणारच, चार्टशिवाय चित्राचा रंग जुळवणं शक्यच नाही, त्यामुळे तुमच्या कामाला तो सीसीडीचा रंग हा मुद्दाच लागू नाही. सावल्या उचलताना मात्र फरक उघड दिसतो. खिडकीबाहेरचं ऊन आणि आतला कोपरा एकाच फ्रेममध्ये धरायचा असेल तर पी४५ प्लसवर दोन-तीन एक्स्पोजर जोडावे लागतात, नव्या सेन्सरवर एकाच फाइलमधून काम निघतं.

पी४५ प्लसची एक गोष्ट तिच्या काळात कुणाकडे नव्हती, एक तासापर्यंतचं एक्स्पोजर. रात्रीच्या कामासाठी लोकांनी ती त्यासाठीच घेतली. पण तेवढ्याच वेळाची डार्क फ्रेम ती नंतर घेते, तासाच्या एक्स्पोजरला दोन तास बसून राहायचं. आयक्यू४ मध्ये याच्या जागी फ्रेम अॅव्हरेजिंग आहे, छोट्या छोट्या फ्रेम आतल्या आत सरासरी करून एकच रॉ फाइल. पाणी, ढग गुळगुळीत करायला एनडी फिल्टरची गरज संपते, आणि सरासरीमुळे सावल्या इतक्या स्वच्छ येतात की इंटिरियरला मी ते दिवसासुद्धा वापरते. आयक्यू४ वर मला खरंच प्रेम बसलं ते याच्यासाठी, १५० मेगापिक्सेलसाठी नाही.

मग आयक्यू४ का नाही? रोज टेदर करून (कॅमेरा वायरने कंप्युटरला जोडून) काम असेल, टीम असेल, शिफ्ट करून जोडलेल्या फ्रेम मोठ्या भिंतीवर जाणार असतील, तर ती घ्याच, तिच्या वरताण काही नाही. पण तुमच्याकडे अजून टेक्निकल कॅमेरा नाही, आणि ५००सी/एम च्या लेन्सवर तिची ताकद वाया जाईल. तुमच्या ८० आणि १५० एफ ८ ला छान आहेत, ५० जुन्या मॉडेलची असेल तर ३.७६ मायक्रॉनला कोपरे उघडे पडतील, सीएफव्हीला निदान वर्तुळाचा मधला भागच वापरायचाय. शिवाय फाइल. आयक्यू४ ची १६ बिट टिफ ९०० एमबीच्या घरात जाते, सीएफव्हीची ६०० च्या, आणि त्यावर चार लेअर टाकले की कंप्युटर बदलायची वेळ येते. सीएफव्ही १००सी मध्ये १ टीबीचा एसएसडी आतच आहे ही मला फार उपयोगी पडलेली गोष्ट, कार्ड विसरलं तरी दिवस वाया जात नाही. तिचा स्क्रीन वर उचलता येतो, कमरेइतक्या उंचीवर लावलेल्या कॅमेऱ्याला हे किती बरं पडतं ते पाठ दुखणाऱ्यालाच कळेल. आणि सोबत ९०७एक्स बॉडी आली तर हॅसलब्लाडच्याच एक्ससीडी लेन्स लावून ऑटोफोकसचा छोटा कॅमेराही तयार. स्टॅबिलायझेशन मात्र तिच्यात नाही, हातात धरून काम करायचं असेल तर शटर स्पीड जपून.

अॅपर्चरचं एक, जुन्या सवयीने एफ १६, एफ २२ लावू नका. ३.७६ मायक्रॉनला एफ ११ नंतर डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रामुळे येणारा धूसरपणा) डोळ्याला दिसायला लागतं. मी एफ ८ ला राहते आणि फोकसची खोली हवी असेल तर टिल्ट (लेन्स कलती करून) किंवा फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून). पी४५ प्लसच्या मोठ्या पिक्सेलला एफ १६ सुद्धा चालून जायचं, मघाशी दयाळू म्हटलं ते हेच.

तुमच्याकडे ५००सी/एम नसती आणि टेक्निकल कॅमेराही घ्यायचा नसता तर मी बॅक घेऊच नका म्हटलं असतं. फुजीचा जीएफएक्स १००एस किंवा हॅसलब्लाड एक्स२डी यांच्यात ४४ बाय ३३ चा १०० मेगापिक्सेल सेन्सर, स्टॅबिलायझेशन, ऑटोफोकस सगळं एकत्र मिळतं. बॅक घ्यायची ती दुसऱ्या कशाला तरी जोडता यावी म्हणून.

एवढं सगळं वाचूनही पी४५ प्लस खुणावत असेल (आणि किमतीमुळे ते मला समजतं, शिकायला ती वाईट नाही) तर घेण्याआधी स्वतः तपासा, विकणाऱ्याने पाठवलेल्या नमुन्यावर जाऊ नका. स्वतःचा लॅपटॉप आणि फायरवायरची वायर घेऊन जा, कारण तिचं टेदर फायरवायरवर आहे, नव्या कंप्युटरला ते पोर्टच नसतं, आणि बॅकवरचं पोर्ट ढिलं झालं तर दुरुस्ती अवघड. माझ्या एका जुन्या बॅकचं हे पोर्ट भर शूटमध्ये गेलं होतं, क्लायंट शेजारी उभा, आणि उरलेला दिवस कार्ड काढ-घाल करत काढला. मग दुधी अॅक्रिलिक लेन्सपुढे धरून एक पूर्ण राखाडी फ्रेम घ्या, कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. सीसीडी भागाभागाने वाचली जाते, मधोमध उभी रेघ किंवा दोन अर्ध्यांत रंगाचा फरक दिसला तर कॅलिब्रेशन गेलंय. लेन्स झाकून एक मिनिटाची काळी फ्रेम घ्या, उभ्या चमकत्या रेघा आहेत का बघा. बॅटरी पूर्ण भरून अर्धा तास चालू ठेवा, गरम झाल्यावर मधूनच बंद पडते का तेही कळेल. सेन्सरच्या काचेवर तिरका टॉर्च मारून ओरखडे बघा, धूळ पुसता येते, ओरखडा नाही.

आणि कुठलीही बॅक घ्या, ५००सी/एम आधी सर्व्हिसला देऊन आरसा आणि ग्राउंड ग्लासचं अंतर जुळवून घ्या. ५० कुठल्या मॉडेलची आहे, सी, सीएफ की एफएलई, तेवढं कळवा, म्हणजे ती ३.७६ मायक्रॉनवर ठेवायची की बदलायची ते सांगता येईल.